मदत हवी आहे: बदक किती वर्षे अंडी घालते? आणि आमची बदके नेमकी कोणत्या कुळातली?

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ आमचे घर आहे. मागे शेत आणि त्याला लागून व्हाळ. आई चार वर्षांपासून बदके पाळते. मी पुण्यात असते, म्हणून तिच्या वतीने विचारते आहे.

सुरुवातीला खाकी कॅम्पबेलची सहा पिल्ले आणली होती. एक मुंगसाने नेले. उरल्या चार माद्या आणि एक नर. साडेपाच महिन्यांच्या झाल्यावर अंडी सुरू झाली. आई कालनिर्णयावर रोजच्या चौकोनात अंड्यांच्या रेघा मारते, त्यामुळे हिशोब पक्का आहे. पहिली दोन वर्षे बहुतेक दिवशी तीन किंवा चार रेघा. तिसऱ्या वर्षी दोन-तीन. आता एक, कधी तीही नाही. त्यातली सगळ्यात माणसाळलेली मादी, जी आईच्या मागे चुलीपर्यंत येते, तिने दिवाळीपासून अंडे घातलेले नाही असे आईला वाटते. शेजारचे काका म्हणतात, बदक दोन वर्षांचेच, आता विकून टाका. आईला ते अजिबात मान्य नाही. ती आजारी तर नाही ना, एवढे तिला कळायला हवे आहे.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागलेली आहे. मागच्या वर्षी मावसभावाने मोठ्या जातीची एक जोडी दिली. तोंडावर लाल खडबडीत कातडी, आवाज जवळजवळ नाहीच, नर नुसता फुसफुसतो. त्या मादीची नऊ अंडी आईने खुडूक कोंबडीखाली ठेवली. बदकाला २८ दिवस लागतात हे तिला माहीत होते. तीस दिवस वाट पाहिली आणि नासली समजून अंडी काढली. एक फुटले, आत पिल्लू जिवंत होते. ते वाचले नाही. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

म्हणून विचारते, ही दोन्ही बदके एकाच कुळातली आहेत का? काका म्हणतात, आपली सगळी बदके तळ्यावरच्या हळदी-कुंकू बदकांपासून आली. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद

ताई, तुमच्या आईंच्या हातून चूक झाली असे कृपया त्यांना वाटू देऊ नका. तुमची मोठी जोडी मस्कोव्ही आहे आणि मस्कोव्हीच्या अंड्यांना सुमारे ३५ दिवस लागतात. बाकी सर्व पाळीव बदकांना २८. हा फरक कुळाचाच आहे.

खाकी कॅम्पबेल, व्हाइट पेकिन, इंडियन रनर या सगळ्यांचा पूर्वज मॅलार्ड हे रानबदक. नराचे डोके चकचकीत हिरवे आणि शेपटीवर दोन-चार कुरळी पिसे. तुमच्या खाकी नराची शेपटी पाहा, तीच कुरळी पिसे दिसतील. डार्विननेही घरच्या आणि रानातल्या बदकांची हाडे तोलून पाहिली होती. सांगाड्याच्या मानाने घरच्या बदकाच्या पंखांची हाडे हलकी आणि पायांची जड भरली, कारण ते उडते कमी आणि चालते जास्त. हळदी-कुंकू बदक मॅलार्डचे जवळचे नातेवाईक आहे, पण तुमच्या खाकी बदकांचा पूर्वज नव्हे.

मस्कोव्ही मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, वेगळ्याच वंशाची. खाकी नर आणि मस्कोव्ही मादी यांची पिल्ले होऊ शकतात, पण ती खेचरासारखी वांझ निघतात. पुढे वंश वाढवायचा असेल तर दोन्ही जाती वेगळ्या ठेवा.

आता खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या उली गावात अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात तयार केली. भरपूर अंडी देणारी रनर मादी, रुआँ जातीचा नर आणि पुढे मॅलार्डचे रक्त. नावात 'इंडियन' असले तरी रनर आपल्याकडची नाही, ती इंडोनेशियाच्या बेटांवरची. चांगली निगा असेल तर खाकी मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. हा जोर पहिली दोन-तीन वर्षे टिकतो, म्हणून व्यवसाय करणारे त्यानंतर कळप बदलतात. काकांचे म्हणणे तिथून आले असावे. घरगुती बदक त्यानंतरही काही वर्षे कमी-कमी अंडी देत राहते आणि आठ-दहा वर्षे जगू शकते. तुमच्या कालनिर्णयावरच्या रेघा वयाप्रमाणेच चालल्या आहेत.

तरी तीन गोष्टी पाहा. पिसे झडत असतील तर त्या काळात अंडी थांबतातच. शेंगदाणा पेंड किंवा मका घालत असाल तर बुरशीचा वास येतो का बघा. कोकणातल्या दमट हवेत हे फार महत्त्वाचे, कारण बुरशीचे विष बदकांना कोंबड्यांपेक्षा लवकर बाधते. आणि सकाळी नऊच्या आधी सोडू नका. बदके पहाटे अंडी घालतात, लवकर सोडली तर अंडे व्हाळात जाते आणि आपल्याला वाटते घातलेच नाही.

खात्री करायची असेल तर मादीच्या शेपटीखाली दोन टोकदार हाडे हाताला लागतात. त्यांच्यात दोन किंवा जास्त बोटे मावली तर ती अंड्यावर आहे. एकही नीट मावत नसेल तर थांबली आहे.

धागाकर्ती

तुमचे किती आभार मानू! आईला फोनवर सगळे वाचून दाखवले. तिने लगेच हात लावून पाहिले, जेमतेम एक बोट मावते. म्हणजे थांबली आहे. पण खाते-पिते व्यवस्थित, पिसे तुकतुकीत आहेत. आई म्हणाली, "मग रवांदे, माका अंडी नकोत तिची." विषय संपला.

पेंडीचे पोते मात्र तळाशी कोंदट निघाले, ते बाजूला केले. आणि मस्कोव्ही मादी या वेळी स्वतःच अकरा अंड्यांवर बसली आहे. आईने ३५ वा दिवस लाल पेनाने गोल केला आहे. एकच विचारायचे राहिले: ती रोज एकदा उठून व्हाळावर जाते आणि ओली होऊन परत येते. आईला भीती वाटते की अंडी गार पडतील. तिला अडवायचे का?

प्रतिसाद

अडवू नका. खायला आणि अंग भिजवायला ती रोज थोडा वेळ उठणारच. ओल्या पिसांनी परत बसली की अंड्यांना ओलावा मिळतो, तो त्यांना हवाच असतो. जाताना ती पिसांनी अंडी झाकून जाते का, तेवढे आईंना बघायला सांगा.