मदत हवी आहे: लायनरची सीट खाल्ली आहे. शिम टाकू, कापून घेऊ की रिंग मारू?

नमस्कार मंडळी,

चंद्रपूरच्या घुग्घुसकडे खाणीच्या मातीकामावर आमचे टिपर चालतात. त्यातल्या एकाचं इंजिन उघडून ठेवलंय आणि तीन बोअरिंगवाले तीन वेगळ्या गोष्टी सांगून राहिले. गाडी ८×४, सहा सिलिंडर, १३ लिटरच्या आसपास, वेट लायनर (सिलिंडरची सुटी नळी, बाहेरून कूलंट फिरतं, वरची कॉलर ब्लॉकमधल्या सीटवर टेकते), सहाही सिलिंडरवर एकच अखंड हेड. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण गाडीशी नाही.

लोड घेऊन चढ चढताना वरचा होज कडक होतो आणि टाकीतून कूलंट बाहेर फेकतं. सकाळी थंड इंजिनावर टाकीचं झाकण सैल केलं तरी फुस्स आवाज येतो. चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तेलात मात्र पाण्याचा थेंब नाही. मागच्या पावसाळ्यात हेडचं फेसिंग करून (तळ सपाट करून) नवं पॅकिंग (हेड गॅस्केट) टाकलं होतं. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

आता हेड उतरवलं तर ५ नंबरला पॅकिंगची फायर रिंग (सिलिंडरभोवतीची धातूची कडी) एका बाजूने काळी पडलेली. लायनर ब्लॉकच्या वर ०.१५ ते ०.२१ मिमी हवा असं मॅन्युअल सांगतं. १ ते ४ ठीक आहेत, ०.१६ ते ०.१८. ६ ला ०.१३ आणि ५ ला एका बाजूला ०.१५ तर दुसऱ्या बाजूला ०.०७! ५ चा लायनर ओढून काढला. कॉलर जिथे टेकते तिथे लालसर भुकटी, बोटाला ओल्या मेंदीसारखी लागते. ती पुसल्यावर पिस्टन ज्या बाजूला दाब देतो तिकडे नख अडकेल एवढी पायरी दिसली.

पहिला म्हणतो, कॉलरखाली शिम (पातळ गोल पट्टी) टाक आणि हेड बसव. दुसऱ्याकडे हाताने फिरवायचा सीट कटर आहे, तो ब्लॉक चासीतच ठेवून कापून देईन म्हणतो. तिसरा म्हणतो, ब्लॉक उतरवून नागपूरला आण, सहाही सीटना रिंग मारू, म्हणजे सीट उकरून तिथे नवी रिंग बसवू. तिसऱ्याचा खर्च ऐकून मालकाने फोनच ठेवला. कोणाचं ऐकू?

जुना_फिटर:
भाऊ, पहिल्याचं तर मुळीच ऐकू नका. वाकड्या सीटवर शिम टाकली की ती पायरीवर पुलासारखी राहते. हेड कसलं की कॉलर एका बाजूने लटकते आणि एक दिवस कॉलरच तुटून लायनर खाली जातो. लाल भुकटी म्हणजे लायनर बसल्या जागी हलत होता. हेड बोल्टची पकड कमी पडली किंवा मागच्या कामात कॉलरखाली गंज-कचरा राहिला की हे सुरू होतं.

पण आधी मोजणी नीट करा. लायनरचे रबर रिंग काढून ठेवा, ते लायनरला वर ढकलतात. कॉलर क्लॅम्पने दाबून चार ठिकाणी डायल गेज लावा आणि नवा लायनर घालूनच मोजा. जुन्याची कॉलरही खालून खाल्लेली असते.

धागाकर्ता:
दादा, नव्या लायनरने मोजलं. ५ ला ०.०५ ते ०.१२, ६ ला ०.११ ते ०.१३. या इंजिनाला सगळ्यात पातळ शिम ०.२० ची मिळते.

जुना_फिटर:
मग हिशेब सोपा आहे. शिम टाकून उंची ०.१८ हवी, म्हणजे शिमशिवाय लायनर ब्लॉकच्या ०.०२ खाली बसला पाहिजे. ५ ला सगळ्यात खोल जागेपासून अजून ०.०७ कापावं लागेल, उंच जागेवर ०.१४. तेवढ्यात पायरी पूर्ण जाईल. ६ ला ०.१३ ते ०.१५. दोन्हीला तीच एक शिम. शिमेवर शिम चढवायची नाही. एकच हेड असल्यामुळे शेजारच्या लायनरमध्ये फरक ठेवू नका, नाहीतर पॅकिंग तिथेच पुन्हा जाईल.

आम्ही एनटी ८५५ कमिन्स इंजिनावर वर्षानुवर्षं हेच केलंय, तिथे उंची ३ ते ६ थाउ (इंचाचे हजारावे भाग). ब्लॉक चासीतच ठेवून कापलेल्या सीट नीट चालतात, फक्त कटर खालच्या बोअरमध्ये सेंटर झाला पाहिजे. वरून डोळ्याने सेंटर करणारा असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बोअरिंग_बार:
दोन गोष्टी राहिल्या. कॉलरखाली लायनरला गोलाई असते. कापून झाल्यावर सीटच्या आतल्या कडेला चॅम्फर (तिरकी कड) मारला नाही तर कॉलर त्या कोपऱ्यावर टेकते आणि तिथूनच तडकते. मग निळी लावून बघा, पूर्ण वर्तुळावर सलग ठसा उमटला पाहिजे.

दुसरं, कापायच्या आधी सीटच्या कोपऱ्यात डाय पेनिट्रंट (चीर दाखवणारा रंग) मारा. चीर दिसली तर कटरचा विषय संपला, मग तिसरा म्हणतो ते खरं. पण चीर नसताना चांगल्या चार सीट उकरून रिंग मारणं हा धंदा झाला.

क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या भागावर) ग्रीस लावलेलं फडकं गुंडाळा. बिडाचा कीस तेलाच्या वाटेत गेला तर बेअरिंग जाईल आणि सीटचं काम सगळं पाण्यात.

धागाकर्ता:
चीर नाही, आत्ताच बघितलं. कटर खालून सेंटर होतो, तेही विचारलं. काम झाल्यावर चेंबर उघडंच ठेवून कूलंटला रात्रभर प्रेशर देऊन खालून बघणार आहे. एकच शंका, ४ नंबर ०.१६ वर आहे, त्याला हात न लावता ठेवू का?

जुना_फिटर:
लायनर सहाही नवे टाकताय ना? मग ओढून काढा आणि सीट बघा. लाल भुकटी नसेल तर साफ करून तसाच बसवा. हेड बोल्ट मात्र नवे घ्या, आणि कूलंटच्या टाकीत बोअरवेलचं पाणी नको.