मदत हवी आहे: ४५०० मीटरवर कॅप्नोग्राफचं कॅलिब्रेशन

चांगथांग, लडाख. तिबेटी पशुपालकांचं बसल्या जागचं श्वसन मोजायचंय; कॅप्नोग्राफ म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड इन्फ्रारेड शोषणावरून मोजणारं यंत्र. हवेचा दाब ४४५ मिमी पारा, तंबूत सकाळी ८ अंश.

पद्धत नेहमीचीच: १५ मिनिटं शांत बसवायचं, मग नाकाला चिमटा आणि तोंडात माउथपीस, पहिली ५ मिनिटं सोडून पुढच्या ३ मिनिटांचा उच्छ्वास डग्लस बॅगेत (उच्छ्वास साठवायची मोठी हवाबंद पिशवी). बॅगेतलं आकारमान शरीराच्या तापमानावर आणताना दाब ४४५ धरला की गुणक १.२१ येतो. सवयीने समुद्रसपाटीचा ७६० धरला तर १.१६, म्हणजे मिनिटाला १२ लिटरमागे अर्धा लिटर गायब!

अडलंय कॅप्नोग्राफपाशी. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा कोरडा वायू सोडला की यंत्र त्याचा दाब ३८ मिमीला बसवतं; इथल्या दाबाला तो २२ यायला हवा. आत ७६० ठोकून बसवलेलं दिसतंय. सगळे आकडे ०.५८५ ने गुणता येतील, पण उच्छ्वासाच्या शेवटी २८ मिमी म्हणजे इथे कोरड्या हवेत ७ टक्के. तो भाग कॅलिब्रेशनच्या वरचा, आणि इन्फ्रारेड शोषण तिथे सरळ रेषेत चालेल याची खात्री कोण देणार?

तर,
७ टक्क्यांचा दुसरा सिलिंडर न्यावाच लागेल का? (खेचरावर वजन वाढतंय.)

नमुन्याच्या नळीत पाणी साचून आलेखाचा माथा तिरका होतो. नळी गरम कशाने ठेवता?

माउथपीसने श्वास मुळातच वाढतो. तिबेटी लोकांची विश्रांतीतली श्वासाची पातळी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात राहणाऱ्या आयमारांपेक्षा जास्त असते, त्यात ही भर नको. माउथपीसऐवजी मास्क वापरलेल्यांनी गालाशी होणारी गळती कशी तपासली?