वझिरीस्तानची शांतता कोणाच्या जिवावर होती?

डोंगरवाट :
काल इथल्याच एका लेखात वाचलं, "इंग्रजांनी मूठभर अधिकाऱ्यांच्या बळावर वायव्य सरहद्द शांत ठेवली, कारण त्यांना टोळ्यांचं मन कळत होतं. भत्ता द्यायचा, जिरगा बोलवायचा, प्रश्न मिटला." (वायव्य सरहद्द म्हणजे आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरचा डोंगराळ पट्टा, वझिरीस्तान त्यातलंच; जिरगा म्हणजे टोळीतल्या वडीलधाऱ्यांची पंचायत.) खाली वाहवांची रांग. प्रतिसाद लिहायला घेतला आणि तो इतका लांबला की वेगळा धागा काढतोय.

बलुचिस्तानात सँडेमन या इंग्रज अधिकाऱ्याचं जमलं, हे मान्य. तिथे सरदाराचा शब्द खालपर्यंत चालायचा. सरदाराला पैसे दिले की तो आपली माणसं आवरायचा. तेच औषध ब्रूस या अधिकाऱ्याने 1890 नंतर वझिरीस्तानातल्या महसूद टोळीला पाजलं. पण महसुदांमध्ये दुसऱ्याचा हुकूम कोणी ऐकत नाही. सरकारने मलिक (टोळीचे म्होरके) निवडले, भत्ते बांधून दिले आणि एका सरकारी अधिकाऱ्याच्या खुनातले आरोपी त्यांच्याकडे मागितले. मलिकांनी आरोपी आणून दिले. पुढे महसुदांचा इंग्रजविरोधी धर्मगुरू मुल्ला पोविंदा याच्या लोकांनी त्यातल्या तीन मलिकांना मारून टाकलं. ज्यांच्या भरवशावर त्यांनी आपल्याच लोकांशी वैर घेतलं, ते सरकार त्यांना वाचवू शकलं नाही. 1894 मध्ये वझिरीस्तानातल्या वान्याच्या इंग्रज छावणीवरच पहाटे हल्ला झाला. मन कळत होतं ते हे असं?

आणि फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशनबद्दल त्या लेखात चकार शब्द नाही. 1872 चा कायदा, 1901 मध्ये कर्झनच्या काळात आणखी घट्ट केलेला. गुन्हा एकाचा, धरपकड अख्ख्या जमातीची. गुरं जप्त, बाजारात यायला बंदी. जिरग्यात कोण बसणार ते डेप्युटी कमिशनर ठरवणार, निकाल मानायचा की नाही तेही तोच ठरवणार, वर अपील नाही. याला टोळ्यांची परंपरा म्हणायचं? पाकिस्तान झाल्यावरही आदिवासी भागात हाच कायदा होता. तो गेला 2018 मध्ये.

जुना_हिशेबनीस :
तुमचा संताप समजतो, पण नकाशा समोर ठेवून लिहिणं वेगळं आणि तिथे राहणं वेगळं. माझे आजोबा मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून होते, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दोन वर्षं वझिरीस्तानातल्या रझमकच्या छावणीत. काटेरी तारांच्या आत वसवलेलं गावच ते. कुटुंब न्यायला मनाई. सामानाच्या लॉऱ्या यायच्या त्या दिवशी पहाटेच दोन्हीकडच्या टेकड्यांवर चौक्या बसायच्या, तेव्हा कुठे रस्ता खुला. संध्याकाळी चौक्या उतरल्या की रस्ता पुन्हा टोळ्यांचा.

अशा मुलखात तुम्ही काय केलं असतं, ते सांगा. पंजाबचे कायदे पेशावरला लावून बघितलेच होते. खून भरदिवसा व्हायचा, गाव बघायचं, पण साक्षीला कोणी उभं राहत नसे. कारण साक्ष दिली की बदला ठरलेला. म्हणून जिरगा आणला. आणि सगळे अधिकारी एका माळेचे नव्हते. वॉर्बर्टन हा इंग्रज अधिकारी अठरा वर्षं खैबर खिंडीत होता, आई अफगाण, त्यांची भाषा बोलायचा. त्याच्या काळात खिंड तिथल्या आफ्रिदी टोळीनेच राखली.

डोंगरवाट :
वॉर्बर्टनचं नाव काढलंत ते बरं झालं. तो 1897 मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आफ्रिदींनी खैबरची ठाणी घेतली. एक माणूस उठून गेल्यावर जी व्यवस्था काही महिन्यांत कोसळते, तिला मी व्यवस्था म्हणणार नाही. नंतर आफ्रिदींच्या तिराह मुलखात तीस हजारांवर फौज उतरवली, घरं जाळली, थंडीच्या तोंडावर धान्य उचलून नेलं. ज्या बायका-पोरांचा हिवाळा त्या कणग्यांवर जाणार होता, त्यांनी कोणती खिंड अडवली होती?

साक्षीदार मिळत नव्हते, हा मुद्दा खरा आहे. तेवढा मागे घेतो. पण त्यावर उपाय म्हणून साक्षच नको असा कायदा करायचा, हे मला पटत नाही.

सातपुड्याची_लेक :
तुम्ही दोघं वझिरीस्तानात भांडताय आणि हाच प्रयोग आधी खानदेशात होऊन गेला, ते कोणाच्या लक्षातच नाही. 1818 ला कंपनीने खानदेश घेतला. पुढची सात वर्षं भिल्लांवर फौजा, रसद तोडणं, फाशी. सैनिक तापाने मेले, भिल्ल हाती आले नाहीत. मग 1825 मध्ये भिल्ल एजन्सी काढल्या, भिल्लांच्या नाईकांना (म्होरक्यांना) तनखे दिले आणि आउट्रम या कंपनीच्या अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. आमच्याकडे अजून लोक कौतुकाने सांगतात, साहेब भिल्लांबरोबर वाघ मारायचा, त्यांच्यात जेवायचा. असेल. पण 1830 मध्ये हीच पलटण घेऊन तो डांगमधल्या भिल्लांवर गेला, हे कौतुक करणारे सांगत नाहीत.

माझे खापरपणजोबा त्या पलटणीत होते. घरात एक पितळी बिल्ला आहे. दर दिवाळीला आजी तो चिंचेने घासायची. घासून घासून वरचा आकडा पुसून गेलाय, फक्त सातासारखा एक वळसा बोटाला लागतो. लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता. सेंधवा घाटाच्या खाज्या नाईकाबद्दल वाचलं तेव्हा तो बिल्ला हातात घ्यावासा वाटेना. खाज्याही कंपनीच्याच नोकरीत घाट राखायचा. 1857 मध्ये तो उलटला. 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीला लढाई झाली आणि पकडलेल्यांना गोळ्या घातल्या. भिल्ल पलटण त्या सगळ्या काळात सरकारकडेच राहिली. आमचे खापरपणजोबा तेव्हा कुठे उभे होते, हे आता सांगणारं कोणी नाही.

बखरवाचक :
ताई, तुमच्या घराण्याबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पेशवाईत हा प्रश्नच नव्हता. नाईकांना वतनं होती, घाटाचे हक्क होते, गावची जागल होती. इंग्रजांनी ते हक्क गोठवले, म्हणून भिल्ल उठले. आपल्या राज्यात डोंगरातला माणूस परका नव्हता.

सातपुड्याची_लेक :
दादा, हक्क होते, खरं आहे. पण कोपरगावचं माहीत आहे का? 1804. पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने डोंगरातल्या भिल्लांना बोलावून घेतलं, दग्याने पकडलं आणि दोन विहिरींत टाकलं. हे गॅझेटिअरमध्ये आहे, माझ्या मनातलं नाही. होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्या वर्षांतला दुष्काळ यांनी खानदेश ओस पडला होता, लोक पोटासाठी लुटत होते. त्यांना तुमच्या "आपल्या राज्यात" विहीर मिळाली. परका नव्हता म्हणताना जरा जपून लिहा.

बखरवाचक :
गॅझेटिअर इंग्रजांनी लिहिलं. मागच्या राज्याला काळं फासण्यात त्यांचा फायदा होता. एका सरसुभेदाराच्या कृत्यावरून सगळ्या पेशवाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय, आणि भाषाही चढी वापरताय.

सातपुड्याची_लेक :
भाषा चढी आहे, कारण विहिरीत टाकलेली माणसं माझी होती. एका सरसुभेदाराचं कृत्य तुम्हाला सगळ्यांच्या माथी मारलेलं चालत नाही. मग चार जणांनी वाट अडवली की सगळे भिल्ल लुटारू, हे दोनशे वर्षं कसं चाललं? सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड जन्मलेल्या पोरांनी काय गुन्हा केला होता? जन्मताच गुन्हेगार. तो शिक्का 1952 मध्ये कायद्यातून गेला, पण गावात चोरी झाली की पहिली जीप अजून कोणाच्या वस्तीवर जाते, ते खेड्यात राहणाऱ्याला विचारा.

डोंगरवाट :
धागा वझिरीस्तानचा होता, पण मी तक्रार करणार नाही. एकाच्या गुन्ह्याला सगळी जमात जबाबदार, हे तिथे फ्रंटियर रेग्युलेशनने केलं आणि इकडे गुन्हेगार जमाती कायद्याने. पहिला 1872 चा, दुसरा 1871 चा. एकाच वर्षाच्या अंतराने.

बखरवाचक :
कोपरगावचं मी पुन्हा वाचलं. इंग्रजांचा हेतू काहीही असो, प्रसंग खोटा आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. ते वाक्य मागे घेतो. बाकी मतं कायम. घाटाचे हक्क गेल्यामुळे भिल्ल उठले, हे मी पुन्हा म्हणेन.

सातपुड्याची_लेक :
हक्कांबद्दल माझं भांडण नव्हतंच.

जुना_हिशेबनीस :
मी अजूनही म्हणतो की त्या मुलखात सोपा रस्ता कोणाकडेच नव्हता. इपीचा फकीर, म्हणजे वझिरीस्तानात इंग्रजांविरुद्ध लढणारा धर्मगुरू, त्याला पकडायला चाळीस हजारांच्या आसपास फौज लागली, तरी तो सापडला नाही. 1960 मध्ये आपल्या अंथरुणावर गेला. विमानातून आधी पत्रकं टाकायचे, गाव रिकामं करा म्हणून, आणि मग बॉम्ब. आजोबा म्हणायचे, ज्यांना पत्रकं वाचायची होती त्यांना वाचता येत नव्हतं. तेव्हा हसून ऐकलं होतं.

आणखी एक सांगायचं मनात नव्हतं, पण ताईंचं वाचून सांगतो. रस्ता राखणाऱ्या खस्सादारांना (टोळीतून घेतलेल्या पगारी राखणदारांना) पगार वाटताना आजोबा एकदा हजर होते. एक पिकल्या दाढीचा महसूद पुढे आला, अंगठा उठवला आणि पैसे मोजून तिथेच उभा राहिला. कमी भरले होते. दुभाष्याने सांगितलं, तुझ्या खेलातल्या (कुळातल्या) कोणीतरी तार कापली, त्याचा दंड सगळ्यांच्या पगारातून गेला. म्हाताऱ्याने विचारलं, तार कुठे कापली? ती जागा त्याच्या चौकीपासून दोन दिवसांच्या चालीवर होती. त्याने पैसे पागोट्याच्या टोकाला बांधले आणि चौकीवर परत गेला.

आजोबांनी रकाना पुरा करून बेरीज मारली. बेरीज बरोबर होती, एवढंच ते सांगायचे.