कोटेशनमधे टूलिंगचे वेगळे ८५ हजार, हे काय असते भाऊ?

बुटीबोरी_नवा:
हिंगणा एमआयडीसीतल्या एका शॉपकडून एमएस (माइल्ड स्टील) ब्रॅकेटचं कोटेशन घेतलं, २ एमएम पत्रा, चार होल, एक बेंड. नगाला १४ रुपये, ठीक आहे, पण खाली "टूलिंग ८५,००० वन टाइम" लिहून आहे. मला आत्ता ५०० च नग पाहिजेत. प्रेस त्यांची, माणसं त्यांची, मग मी कशाचे पैसे देऊन राहिलो?

प्रेसशॉप_काका:
प्रेस नुसता दाब देते राजा, आकार पंच (वरून दाबणारा भाग) अन् डाय (खालचा साचा) ही जोडी देते आणि ती तुझ्याच ब्रॅकेटपुरती बनते, दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही. एक ब्लँकिंग-पिअर्सिंगची (बाहेरचा आकार कापायची अन् होल पाडायची), एक बेंडिंगची. एचसीएचसीआर (डायसाठीचं कडक टूल स्टील) घ्यायचं, वायरकट (तारेच्या ठिणगीनं कापणं), हार्डनिंग करून ५८-६० एचआरसीपर्यंत (हे कडकपणाचं माप) न्यायचं, मग ग्राइंडिंग. २ एमएम एमएसला पंच-डायमधे एका बाजूनं ०.१ ते ०.२ एमएम क्लिअरन्स (फट), जास्त झाला की नगाला बर (कडेला खरखरीत काठ) येते, कमी झाला की पंचची धार लवकर जाते. पैसा या बारीक कामाचा आहे.
आता हिशोब कर. ५०० नगात नगामागे १७० रुपये नुसते डायचे, ५०,००० नगात १ रुपया ७० पैसे. तू आत्ता डायच्या भानगडीत पडूच नको, लेझर कट करून प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायचं मशीन) बेंड मारून घे, नग महाग पडेल पण एवढा नाही.

सीएनसी_रातपाळी:
आमच्याकडे इन्सर्ट (कापायची बदलती टिकली), होल्डर, सॉफ्ट जॉ (जॉब पकडायचे मऊ जबडे), फिक्स्चर सारं टूलिंगमधेच धरतात. जिग ड्रिलला बुशमधून (कडक नळीतून) वाट देते, फिक्स्चर फक्त जॉब पक्का धरते. इंटरव्ह्यूत हमखास विचारतात बरं हे.

चामडं_अन्_हातोडी:
आम्ही लेदरवाले नक्षी उठवण्याला टूलिंग म्हणतो. व्हेज टॅन (झाडाच्या सालीनं कमावलेलं) चामडं ओलं करायचं, स्विव्हल नाइफनं (फिरत्या पात्याची सुरी) रेघ कापायची, बेव्हलर (रेघेची कड दाबायचा ठसा) ठेवून मॅलेटनं ठोकत जायचं. क्रोम टॅनवर (क्रोमियमनं कमावलेल्यावर) ठसा टिकत नाही. तुझ्या ब्रॅकेटला याचा काही उपयोग नाही म्हणा 😄

बुटीबोरी_नवा:
लेझरनंच करतो काका. पण उद्या ऑर्डर वाढली अन् डाय बनवली, तर ती माझी का त्यांची?

प्रेसशॉप_काका:
पैसे तू दिले तर तुझी, पण पीओमधे (खरेदी ऑर्डरीत) लिहून घे: मालकी कोणाची, धार लावायचा खर्च कोणाचा, काम दुसरीकडे नेलं तर डाय परत भेटन का. डायवर तुझं नाव कोरून घे. तोंडी बोलण्यावर राहशील तर टेम्पो घेऊन डाय उचलायला जाशील त्याच दिवशी मालक बाहेरगावी गेलेले असतात.