मुंबई महानगरात नोकऱ्या नेमक्या कुठे? माझ्या नकाशात पेण कोरंच

पेणची_भूगोलवाली
नमस्कार मंडळी. मी पेणला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. बारावीच्या मुली दरवर्षी विचारतात, "मॅडम, नोकरी कुठे बघू?" घरचं उत्तर ठरलेलं असतं: पनवेल गाठ, पुढे लोकल. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघता यावं म्हणून मेच्या सुट्टीत क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर नकाशा करायला घेतला. वसई-पालघरपासून पेण-अलिबागपर्यंत कुठे किती माणसं कामाला आहेत, एवढंच दाखवायचं होतं.

भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापनेचा पत्ता आणि महिन्याला किती जणांचा भरणा झाला ते दिसतं. एकेक आस्थापना शोधून पिनकोडवर बसवली आणि हीटमॅप काढला, म्हणजे माणसं जास्त तिथे रंग गडद. नरिमन पॉइंट, वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी लालभडक. ठाणे-बेलापूर पट्टा नारिंगी. पेण पांढरं.

हे खरं नाही, हे मला रोज दिसतं. माझा धाकटा भाऊ पेणजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर आहे. पहाटे साडेपाचला डबा घेऊन निघतो. त्याच्या पीएफच्या कागदावरून आस्थापना शोधली, तर कंत्राटदाराचं ऑफिस ठाण्यात. म्हणजे माझ्या नकाशात तो ठाण्याला कामाला जातो. वर गेटवे ते मांडव्याच्या मधलं पाणीसुद्धा गुलाबी दिसतंय. काय बदलू?

नकाशेवाला_डोंबिवली
मॅडम, तुम्ही घेतलेली यादी भरणा करणाऱ्याच्या पत्त्याची आहे. काम कुठे चालतं ते तिला विचारून उपयोग नाही. आरसीएफ या खत कंपनीचंच उदाहरण घ्या: खतकारखाना थळला, मुख्य कार्यालय शीवला. शिवाय पीएफचा कायदा मुळात वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना लागतो, त्यामुळे बाजारपेठेतली दुकानं, गॅरेज, खानावळी बहुतेक गळतात.

सहावी आर्थिक गणना (२०१३-१४) घ्या. त्यात प्रगणक दारोदार फिरले, त्यामुळे आस्थापना जिथे आहे तिथेच मोजली जाते आणि आकडे गावपातळीपर्यंत मिळतात. फक्त पीकशेती, सरकारी प्रशासन आणि संरक्षण त्यात धरलेलं नाही. मंत्रालय नाही, अलिबागची कलेक्टर कचेरीही नाही, ती वेगळी भरावी लागेल. आणि ही गणना अटल सेतूच्या (जानेवारी २०२४) खूप आधीची आहे, हे नकाशावर ठळक लिहा.

पाण्याचं कारण हीटमॅपची त्रिज्या. टीपकागदावर शाई पसरावी तसा प्रत्येक ठिपका चहूकडे पसरतो, समुद्र असो की खाडी. षटकोनी जाळी टाका, खाडी कापून काढा आणि प्रत्येक षटकोनातल्या नोकऱ्यांना उरलेल्या जमिनीनेच भागा. पेणच्या गावांत डोंगर आणि खारजमीन बरीच, त्यामुळे दर चौरस किलोमीटरला आकडा लहानच येईल. म्हणून शेजारी दुसरा नकाशा हवाच: गावातल्या नोकऱ्या भागिले गावात राहणारे कामकरी. एकाच्या वर गेलं की तिथे बाहेरून माणसं येतात.

दिवा_रोहा_प्रवासी
२०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकी कामगारांना कामाचं अंतर आणि वाहन विचारलं होतं. तक्ते जिल्हावार आहेत. माणूस किती किलोमीटर जातो ते कळतं, कुठे जातो ते नाही. रायगडचा तक्ता मुलींना जरूर दाखवा.

हमरापूर_कारखानदार
मॅडम, आमचं हमरापूर-जोहे कुठल्या यादीत येणार? माझा गणपतीचा कारखाना वडिलांपासूनचा. साच्यातून मूर्ती काढायला चार पोरं, घासायला शेजारच्या बायका. पीएफ कुणाचाच नाही. डोळ्यांच्या आखणीला एकच माणूस, तो पाच कारखान्यांत फिरतो. पाचही ठिकाणी मोजलात तर एकाचे पाच होतील. आणि गणपती गेल्यावर दिवाळीपर्यंत शेडला कुलूप असतं. तेव्हा प्रगणक आला तर शून्य लिहून जाणार. आषाढात या, रात्री दोनला दिवे दाखवतो.

पेणची_भूगोलवाली
दादा, आषाढापर्यंत धीर धरवला नाही. काल चार मुलींना घेऊन तुमच्या शेजारच्या एका आळीत गेले. दारावर पाटी एकाच ठिकाणी, आत काम चाललेली घरं सात. एका ओसरीवर ओल्या मूर्ती ओळीने सुकत होत्या आणि आजीबाई पॉलिश पेपरने हात-पाय साफ करत होत्या. मुलीने विचारलं, "आजी, नोकरी करता?" त्या म्हणाल्या, "नाय गो, घरीच असतंय."

आता तळाला आर्थिक गणना ठेवते आणि हमरापूर, जोहे, कळवे आम्ही पायी मोजतो. प्रत्येकाला विचारायचं, वर्षात जास्त दिवस कुठल्या शेडमध्ये? त्याचा ठिपका तिथेच, एकदाच. आखणीवाल्या काकांचाही. महिने वेगळ्या रकान्यात. भावाच्या कारखान्यासाठी गेटवर शिफ्टला किती बस लागतात ते मोजायला त्यालाच सांगितलंय.

उरणचं कुणी इथे असेल तर कंटेनर यार्डांचं सांगा. तिथेही कंत्राटदाराचा पत्ता एकीकडे आणि माणूस भलतीकडे असणार.