शब्दचर्चा : ‘रक्तपिपासू’ की ‘रक्ताहारी’?

प्रश्न : स्पीरिग बंधूंच्या ‘डेब्रेकर्स’ (२००९) या भयपटात २०१९ सालचे जग दाखवले आहे. बहुतेक माणसे व्हॅम्पायर झाली आहेत आणि उरलेल्यांना यंत्रांना जखडून त्यांचे रक्त काढण्याचा धंदा एक कंपनी करते. परभणीतील आमच्या वाचक मंडळींसाठी त्याचा परिचय लिहीत आहे. व्हॅम्पायरला ‘पिशाच’ म्हणावे की ‘रक्तपिपासू’?

उत्तर : ‘पिशाच’ टाळावा. त्याची पारंपरिक फोड ‘पिशित’ (म्हणजे मांस) खाणारा अशी आहे. शिवाय आपल्याकडे पिशाच माणसाला लागते आणि उतरवताही येते, तर व्हॅम्पायर चावतो आणि चावलेला माणूस त्याच्यासारखाच होतो. ‘वेताळ’ तर आणखी दूरचा. ‘कथासरित्सागर’ या संस्कृत कथाग्रंथातला वेताळ प्रेतात वास करून राजाला कोडी घालतो, त्याची ओळख रक्त पिण्यावरून नाही.

‘रक्तपिपासू’ चूक नाही. पण सावकारापासून हुकूमशहापर्यंत सर्वांना आपण तो लावत आल्यामुळे त्यात निषेध आधीच भरलेला असतो. या चित्रपटातली भीती मात्र निषेधाच्या अभावातून येते, कारण नीटनेटके कपडे घातलेले नोकरदार स्थानकावर रक्त मिसळलेली कॉफी घेतात आणि कामाला जातात. स्वतःला सर्वसामान्य समजणाऱ्या अशा समाजाला ‘शाकाहारी’, ‘मांसाहारी’ यांच्या धर्तीवर ‘रक्ताहारी’ म्हणावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : आपले म्हणणे पटले. मग रक्त संपत येते त्याला ‘तुटवडा’ म्हणावे की ‘टंचाई’? आणि रक्ताअभावी वटवाघळासारखे विद्रूप होणारे जे ‘सबसायडर’, त्यांना काय म्हणावे?

उत्तर : रक्तपेढीत ‘तुटवडा’ असतो आणि दोन शिबिरे घेतली की तो भरून निघतो. ‘टंचाई’ हा शब्द मराठवाड्याला समजावून सांगावा लागत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ती टंचाई. ती आली की रांगा लागतात, वाटप ठरते, पाण्यावर पहारा बसतो आणि कोणाला आधी द्यायचे यावरून माणसामाणसांत प्रतवारी होते. चित्रपटात हेच रक्ताच्या बाबतीत घडते, म्हणून ‘रक्तटंचाई’ असे जोडून लिहावे.

‘सबसायडर’साठी ‘खंगलेले’ सुचेल, पण खंगलेला जीव दुबळा असतो आणि हे तर घरात शिरून हल्ला करतात. ‘खालावलेले’ अधिक नेमका, कारण मूळ इंग्रजी शब्दात खाली बसण्याचा, ओसरण्याचा भाव आहे आणि आपल्याकडे तब्येत खालावते तशी विहिरीची पातळीही खालावते. या खालावलेल्यांना साखळदंडाने बांधून उन्हात ओढत नेतात, तो प्रसंग लिहिताना ‘त्यांना नेले जाते’ अशी कर्ता झाकणारी रचना करू नये. ‘रक्ताहारी सैनिक त्यांना नेतात’ असेच लिहावे.