ड्रमच्या शेगडीवर बोकडाचे जाड काप वरून करपतात, हाडाजवळ कच्चे राहतात. मदत हवी आहे

राम राम मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे मटण असतंच, पण दरवर्षी रस्सा. यंदा भाचा पुण्याहून येतोय आणि 'मामा, शेतात जाड स्टीक भाजू' म्हणून त्यानं हट्ट धरलाय. म्हणून खाटकाकडून बोकडाच्या मागच्या रानाचे (मांडीचे) दोन बोटं जाड आडवे काप पाडून घेतले, मधोमध नळी.

शेगडी गावातच वेल्डिंग करून घेतली. खाद्यतेलाचा २०० लिटरचा ड्रम आडवा ठेवून चिरला, वरच्या अर्ध्या भागाला बिजागरी लावून झाकण केलं. खाली हवेला चार भोकं, झाकणाला एक. कोळशाच्या वीतभर वर साध्या लोखंडी सळ्यांची जाळी. गॅल्व्हनाइज्ड जाळी मुद्दाम टाळली, तापली की जस्ताचा धूर सुटतो. आधी तासभर लाकडं पेटवून ड्रम आतून जाळूनही घेतला.

रविवारी करून पाहिलं. दही, आलं-लसूण, हळद, तिखट आणि घरचा काळा मसाला लावून काप चार तास ठेवले होते. बाभळीचा कोळसा ड्रमभर पसरला, पावसाळी हवेनं सर्दावलेला, पेटायलाच पाऊण तास गेला. मग चरबी गळली आणि भडका उडाला. दहा मिनिटांत वरून काळं. कापून पाहिलं तर नळीजवळ लाल पाणी. शेवटी सगळं कुकरमध्ये घातलं. घरात म्हातारी माणसं आहेत, लेकरं आहेत, कच्चं कुणाला वाढणार नाही. पण आधी कुकरला शिजवून नंतर भाजायचं नाही, त्यानं निखाऱ्याची चव येत नाही. कोळसा कमी करू, जाळी उंच करू, की काप पातळ करू? करीला आठ दिवस उरलेत.

प्रतिसाद १
भाऊ, काप पातळ करू नका, जाळीही राहू द्या. सगळा कोळसा ड्रमच्या एका अंगाला ओढा, दुसरं अंग मोकळं. राख धरल्यावर काप आधी मोकळ्या बाजूला ठेवा, झाकण लावा. वरचं भोक उघडं, खालची अर्धी बुजवा. अर्धा-पाऊण तास लागेल, मध्ये एकदाच पलटा. हाडाजवळ (हाडाला न टेकवता) खुपसलेला तापमापकाचा काटा ७० अंश दाखवेल तेव्हा निखाऱ्यावर घ्या, एकेक बाजू मिनिटभर. चरबी पेटलीच तर परत मोकळ्या बाजूला सरकवा. खाली उतरवून दहा मिनिटं झाकून ठेवा. काटा स्वयंपाकाचाच घ्या, तापाचा ४२ च्या पुढे जात नाही.

प्रतिसाद २
मसाला आधी लावताय म्हणून करपतोय. आदल्या रात्री नुसतं मीठ चोळा, ते आतवर उतरतं. तिखट-मसाला तेलात कालवून शेवटच्या मिनिटाला ब्रशनं लावा. कच्ची पपई लावायची तर अर्धा तास, जास्त नको. वरचा थर पिठासारखा होतो, आत काहीच पोचत नाही.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. कोळसा उद्यापासून चुलीमागे सुकत टाकतो. एकच शंका राहिली. सहा काप मोकळ्या बाजूला दाटीनं बसतील, तर दोन घाणे करू की कोळशाकडचे आणि लांबचे मधूनच अदलाबदल करू?